फिश फाइंडरचा ट्रान्सड्यूसर होडीला नेमका कुठे लावायचा? होडी चालू झाली की खोली गायब

उजनीकाठ

नमस्कार मंडळी. राहतो भोसरीत, नोकरी चाकणला, पण होडी आहे भिगवणच्या पुढे, उजनीच्या बॅकवॉटरला. होडी खरं तर आप्पांची, म्हणजे माझ्या चुलत्यांची. १६ फुटी फायबर, बूड जवळजवळ सपाट, मागे ९.९ हॉर्सपॉवरचं आउटबोर्ड, म्हणजे बाहेरून टांगलेलं इंजिन. थंडीत आप्पा लोकांना पक्षी दाखवायला नेतात, बाकी वर्षभर जाळी.

फिश फाइंडर, म्हणजे पाण्यात आवाज सोडून खाली काय आहे ते स्क्रीनवर दाखवणारं यंत्र, मासे शोधायला घेतलेला नाही. मासे कुठे असतात ते आप्पांना ठाऊक आहे, आणि ते मलाही नीट सांगत नाहीत. घेतला तो तळासाठी. मागच्या उन्हाळ्याच्या तोंडाला पाणी भराभर उतरत होतं. होडीत सहा पाहुणे, आणि इंजिनाचा पंखा बुडालेल्या विहिरीच्या कठड्यावर बसला. एक पातं दुमडलं. दीड तास बांबू टेकत काठाला आलो. पाहुण्यांपैकी कोणी पैसे परत मागितले नाहीत, आप्पांनी न मागता दिले. त्या रात्री मी ठरवलं की खाली काय आहे ते दिसलं पाहिजे.

यंत्र पाच इंची स्क्रीनचं. साधं सोनार ८३ आणि २०० किलोहर्ट्झ, शिवाय डाऊन स्कॅन, म्हणजे खालचं बारीक चित्र, ४५५/८००. दुकानदाराला विचारलं, सेन्सर, म्हणजे पाण्यात राहणारा ट्रान्सड्यूसर, कुठे लावू? म्हणाला, मागे कुठेही लावा, चालतं. मी लावला डाव्या बाजूला, पंख्यापासून वीतभर अंतरावर, कारण तिथे ड्रिल नीट पोहोचत होतं.

उभ्या होडीत एकदम झकास. ४.२ मीटर, तळाची रेघ ठसठशीत. ताशी ७-८ किलोमीटरच्या पुढे गेलं की आकडा लुकलुकतो, मग ०.६ दाखवतो, मग नुसत्या आडव्या रेघा. स्क्रीनच्या वरच्या अर्ध्या भागात तांदूळ सांडल्यासारखे ठिपके.

तर प्रश्न असे: डावीकडे की उजवीकडे? किती खाली? आणि भोक न पाडता होडीच्या आतून चिकटवता येतो का? कारण मी आधीच दोन भोकं पाडलीत आणि आप्पांनी सांगितलंय की मागच्या फळीला तिसरं पाडलंस तर होडीत पाय ठेवायचा नाही.

शनिवारचा_नावाडी

सरळ आतून चिकटवा. इपॉक्सी (दगडासारखा घट्ट होणारा गोंद) ओतायचं, त्यात ट्रान्सड्यूसर दाबायचा, विषय संपला. फायबरमधून सिग्नल आरपार जातो. मित्राच्या बोटीला दोन वर्षं तसाच आहे. ना भोक, ना काही घासायची भीती.

धायरीचे_नाना

वरच्या सल्ल्यावर उडी मारू नका, त्यात अर्धी गोष्ट राहिली आहे. पण त्याकडे नंतर येतो.

माझी ओळख एवढीच, की आयुष्यभर पाण्याची खोली मोजली. धरणात गाळ किती साठला त्याचे सर्व्हे. आता निवृत्त, घरी बसून सिंहगड रोडचं ट्रॅफिक मोजतो.

पहिलं काम ड्रिलचं नाही. गोंधळ होडी चालल्यामुळे होतो की इंजिन चालू असल्यामुळे, ते आधी ठरवा. नांगर टाका. इंजिन बंद ठेवून चित्र बघा. मग न्यूट्रलमध्ये इंजिन चालू करा, थोडं वाढवा. ठिपके तेव्हाच आले तर दोष वायरीत: ट्रान्सड्यूसरची केबल इंजिनाच्या वायरींसोबत एकाच जुडीत बांधली असेल, नाहीतर यंत्र इंजिनाच्याच बॅटरीवर जोडलं असेल. त्याला वेगळी १२ व्होल्टची ७ अँपिअर-अवरची छोटी बॅटरी द्या, यूपीएसमध्ये असते तसली, मध्ये फ्यूज, आणि केबल दुसऱ्या बाजूने न्या. न्यूट्रलला चित्र स्वच्छ राहिलं आणि होडी पुढे सरकल्यावरच बिघडलं, तर मात्र जागा चुकली आहे.

तुमच्या वर्णनावरून मला वाटतं की जागाच चुकली आहे. कारण सांगतो. हे यंत्र बघत नाही, ऐकतं. टक् करून आवाज खाली सोडतं आणि परत यायची वाट बघतं. गोड्या पाण्यात आवाज सेकंदाला १४८० ते १५०० मीटर जातो, म्हणजे तुमच्या चार मीटर पाण्यात जाऊन यायला साधारण साडेपाच मिलिसेकंद. या वाटेत ट्रान्सड्यूसरच्या तोंडाशी कागदाइतका जरी हवेचा थर आला तरी संपलं. पाणी आणि हवा जिथे भेटतात तिथून आवाज जवळपास सगळा मागे फिरतो. तुमचा ०.६ हा तळ नाहीच. स्वतःच्या तोंडाशी चाललेला बुडबुड्यांचा कालवा तो तळ समजतोय.

आता डावं-उजवं. बहुतेक आउटबोर्डचा पंखा होडीच्या मागे उभं राहून बघितलं तर घड्याळाच्या काट्यांसारखा फिरतो. उजवीकडे पाती खाली जातात, डावीकडे वर येतात. वर येणाऱ्या बाजूला घुसळलेलं, हवेने भरलेलं पाणी जास्त. म्हणून उजवी बाजू. तुमचा पंखा उलटा फिरत असेल तर डावी, ते आधी डोळ्याने बघा. आणि पंख्यापासून किमान १५ इंच, म्हणजे ३८ सेंटीमीटर लांब. वीत म्हणजे नऊ इंच. इथेच तुमचा घोटाळा आहे.

पण नुसतं उजवीकडे १५ इंच एवढ्याने भागत नाही. फायबर होडीच्या बुडाला लांबीने उठवलेल्या पट्ट्या असतात. कुठे दुरुस्तीचं ठिगळ असतं, कुठे पाणी काढायच्या बुचाचं भोक. त्या प्रत्येकाच्या मागे एक फेसाची शेपटी तयार होते. ट्रान्सड्यूसर त्या शेपटीत आला की पुन्हा तेच रडगाणं. होडी काठावर उलटी घाला, लांब पट्टी बुडाला लावा आणि जिथे बसवायचा त्याच्या सरळ पुढे निदान मीटरभर काही आडवं येत नाही ना ते हाताने चाचपा. डोळ्यांना दिसत नाही ते तळव्याला लागतं.

मग होडी पाण्यात घालून आप्पांना चालवायला सांगा, ज्या वेगाला आकडा जातो त्याच वेगाला. तुम्ही लाइफ जॅकेट घालून मागे पालथे व्हा आणि फळीच्या खालून पाणी कसं सुटतंय ते बघा. सगळीकडे पांढरं नसतं. मध्ये एखादा पट्टा काचेसारखा गुळगुळीत निघतो, हातभर लांब जाऊन मग फेसाळतो. फळीवर तिथे मार्करने फुली मारा. तुमची जागा ती. पुस्तकातले आकडे त्या फुलीच्या जवळपास पोहोचायला असतात.

उंची: फायबर होडीला ट्रान्सड्यूसरचं तोंड बुडाच्या रेघेपेक्षा साधारण ३ मिलिमीटर खाली. वेगात तळ सुटला तर आणखी ३ मिलिमीटर. एकदम इंचभर खाली सोडलात तर तो स्वतःच पाणी फाडून फेस करतो आणि मागे कारंजं उडतं. तोंड पाण्याला समांतर, मागची कड किंचित खाली. हे जमिनीवर स्पिरिट लेव्हल लावून ठरवू नका. होडीत माणसं बसली, पेट्रोलची टाकी ठेवली की मागची बाजू बसते. भरलेल्या होडीत ठरवा.

आतून चिकटवण्याबद्दल. बूड भरीव फायबरचं असेल तर २०० किलोहर्ट्झ आरपार जातो, थोडा दुबळा होऊन. मध्ये फोम किंवा प्लायवूडचा थर असेल तर नाही, कारण त्यात हवा आहे. आणि तुमचं ४५५/८०० चं डाऊन स्कॅन आतून धड चालणार नाही. तुम्हाला भिंती आणि कठडे बघायचेत, त्यासाठी तेच तर घेतलंत! पाण्याचं तापमानही कळणार नाही, बुडाचं कळेल. तरी करायचंच असेल तर इपॉक्सी ओतण्याआधी प्लास्टिकच्या पिशवीत पाणी भरून बुडावर ठेवा, त्यात ट्रान्सड्यूसर बुडवा आणि खोली दिसते का बघा. पिशवीला दहा रुपये लागत नाहीत. इपॉक्सी एकदा बसलं की छिन्नीनेच निघतं.

शनिवारचा_नावाडी

मान्य. मित्राचं साधं २०० चं यंत्र आहे, डाऊन स्कॅन नाही. ते ध्यानात आलं नाही.

पवना_वल्हं

माझी कायाक आहे, इंजिन नाही, त्यामुळे फेसाचा त्रास शून्य. मी बाजूला क्लॅम्पने ॲल्युमिनियमची नळी लावतो, खाली ट्रान्सड्यूसर. घरी जाताना काढून पिशवीत. उजनीकाठ, तुम्हीही असंच का करत नाही? भोकच नको.

धायरीचे_नाना

नळीची पद्धत चांगली, सर्व्हेला आम्ही तेच करायचो. होडीच्या मधोमध बाजूला उभी नळी, दोन्हीकडून दोरीचे ताण, आणि वेग ताशी पाच-सहा किलोमीटर. त्यापुढे नळी थरथरते, तिच्यामागे पाणी फाटतं, आकडे नाचतात. शिवाय काहीतरी आडवं आलं की नळी वाकते. मी एकदा बुडालेल्या बाभळीत घातली होती. पुढे कामाची घाई आणि मागे मदतनीस ओरडतोय, "साहेब, झाड, झाड!" मला वाटलं तो काठावरचं झाड दाखवतोय. नळीचा एल झाला. ट्रान्सड्यूसर वाचला, माझा रुबाब गेला.

उजनीत बाभळी आणि भिंती दोन्ही आहेत. मागच्या फळीला लावलेला ट्रान्सड्यूसर निदान बुडाच्या आडोशाला राहतो, आणि त्याचा ब्रॅकेट धक्का लागला की वर उडतो. तो सोडवलेलाच ठेवा, जाम करू नका.

उजनीकाठ

काका, आधी एक विनंती. मला अरेतुरे करा, मी तिशीतला आहे.

न्यूट्रलची परीक्षा रविवारी केली. चित्र स्वच्छ. म्हणजे दोष जागेचाच. होडी उलटी घालून हात फिरवला तर माझ्या डावीकडच्या जागेच्या बरोबर पुढे बोटभर उंचीची पट्टी निघाली, थेट पुढून आलेली. म्हणजे पंखा जवळ तो जवळच आणि वर हे. पंखा तुम्ही म्हणता तसाच फिरतो.

पालथा पडूनही बघितलं. तो काचेचा पट्टा खरंच दिसतो! उजवीकडे, पंख्यापासून ४३ सेंटीमीटरवर. रुंदी माझ्या तळहाताएवढी. फुली मारली.

पण आता भोकांचं काय? आप्पा शेजारी बसून हे सगळं वाचतायत.

धायरीचे_नाना

मग आप्पांना नमस्कार सांग, त्यांचं म्हणणं बरोबर आहे. मागच्या फळीत बहुधा मध्ये प्लायवूड असतं, त्यावर फायबर. पाण्याखालच्या भोकातून पाणी आत शिरलं की प्लाय कुजतं, वरून मात्र फळी चकचकीत दिसते. एक दिवस इंजिनासकट हालायला लागते. तुझी जुनी दोन भोकं आधी पूर्ण वाळव, होडी चार दिवस उन्हात ठेव, मग इपॉक्सीने भर.

नव्या जागेसाठी स्वयंपाकघरातला भाजी चिरायचा पांढरा प्लास्टिकचा बोर्ड घे, १२ मिलिमीटर जाड. पाण्यात कुजत नाही, करवतीने सरळ कापला जातो. त्याला गोंद धरत नाही, त्यामुळे चिकटवायच्या भानगडीत पडू नको. उभी पट्टी काप, वरचा भाग पाण्याच्या रेषेच्या वर तीन स्क्रूंनी फळीला बसव, खालचा भाग फळीला टेकून लोंबकळू दे आणि ट्रान्सड्यूसर त्या बोर्डाला लाव. फळीला जी काही भोकं पडतील ती पाण्याच्या वर. उंची वरखाली करायची तर नवी भोकं बोर्डाला पाड, शंभर पाड, आप्पांचं काही जात नाही.

स्क्रू स्टेनलेसचे, ३०४ ग्रेडचे गोड्या पाण्याला पुरतात, पुण्यात बोहरी आळीत सुटे मिळतात. भोकाच्या तोंडाशी आधी मोठ्या ड्रिलने किंचित उतार कर, नाहीतर वरच्या गुळगुळीत थराला तडे जातात. स्क्रू बसवताना पॉलियुरेथेनचं मरीन सीलंट. बाथरूमचं व्हिनेगरचा वास येणारं सिलिकॉन नको.

आणि एक गोष्ट, जी दुकानात कोणी सांगत नाही. हे यंत्र खाली बघतं, पुढे नाही. ८३ किलोहर्ट्झचा शंकू साधारण ६० अंशांचा, म्हणजे पाच मीटर पाण्यात त्याला पुढे जेमतेम तीन मीटरपर्यंतचा तळ ऐकू येतो. दोन मीटर पाण्यात सव्वा मीटरही नाही. तुझी होडी जवळजवळ पाच मीटर लांब आणि ट्रान्सड्यूसर मागच्या टोकाला! कठडा स्क्रीनवर येईल तेव्हा होडीचं पुढचं टोक तो ओलांडून गेलेलं असेल. विहीर चुकवायला याचा उपयोग नाही. उपयोग आहे तो खुणा करायला. पाणी भरलेलं असताना, पंखा लागणार नाही एवढ्या खोलीत, सावकाश उभे-आडवे पट्टे मार आणि जिथे काही उठलेलं दिसेल तिथे जीपीएसवर खूण ठेव. २०० किलोहर्ट्झवर ठेव, त्याचा शंकू २० अंशांचा, पाच मीटरला पावणेदोन मीटर रुंद, म्हणजे खूण नेमकी पडते. ६० अंशांच्या शंकूत बाजूची भिंतही तळ म्हणून येते. आणि उन्हाळ्यात पाणी उतरलं की मोबाइल घेऊन चालत जा, जे उघडं पडलंय त्यावर उभं राहून खुणा कर. त्या सगळ्यात नेमक्या.

पत्र्याची_होडी

पळसदेवचं देऊळ पाणी उतरलं की वर येतं तेव्हा आमच्याकडचे सगळे तिकडे फोटोला पळतात. त्याच दिवसांत खुणा करून ठेवायच्या, हे डोक्यात आलं नव्हतं. धन्यवाद नाना. माझी होडी पत्र्याची, रिबिटं आहेत, तर मी काय करू?

धायरीचे_नाना

रिबिटांच्या दोन ओळींच्या मधला पट्टा पकडा. पत्र्याच्या होडीला तोंड बुडाच्या रेघेपेक्षा साधारण १० मिलिमीटर खाली, बाकी सगळं तेच. फुली मारल्याशिवाय ड्रिल उचलू नका.

उजनीकाठ

तीन आठवड्यांनी लिहितोय, शिफ्ट बदलली होती.

बोर्ड बसवला. आईच्या स्वयंपाकघरातलाच उचलला होता, बदल्यात तिला दोन नवे आणून द्यावे लागले. पहिल्यांदा तोंड बुडाच्या बरोबरीला ठेवलं तर ताशी ११ ला तळ सुटला. ३ मिलिमीटर खाली घेतलं, १४ पर्यंत रेघ अखंड. आणखी ३ खाली घेतलं तर मागे तुमचं ते कारंजं, आप्पांची पाठ भिजली. परत वर आणलं. सहा माणसं असताना होडी १४ च्या वर जातच नाही, त्यामुळे झालं काम. आप्पा एकटे पूर्ण जोरात नेतात तेव्हा अधूनमधून तुटतं, पण तेव्हा ते स्क्रीनकडे बघतही नाहीत.

पहिल्या दिवशी भीमेचं जुनं पात्र दिसलं. आठ मीटरवरून तळ एकदम सुटला, चौदापर्यंत गेला, आणि पलीकडे पुन्हा तसाच चढला. काठाकडे गाळ आहे तिथे रेघ जाड आणि मऊ, पात्राच्या कडेला खडक असावा, तिथे रेघ बारीक, आणि तिच्याच दुप्पट खोलीवर आणखी एक पुसट रेघ. आधी वाटलं बिघडलं.

विहीर सापडली. कठड्याच्या वर त्या दिवशी २.३ मीटर पाणी होतं. खूण केली. तिच्याजवळ आणखी दोन उठलेल्या जागा निघाल्या, त्यातली एक आप्पांनाही माहीत नव्हती. ते अजून मानत नाहीत, म्हणतात बाभूळ असेल.

एक शंका. जुन्या तव्याला दोऱ्या बांधून पाण्याच्या पृष्ठभागापासून मोजून दोन मीटरवर आडवा सोडला, खात्री करायला. यंत्र १.८ सांगतं. चुकतंय का?

धायरीचे_नाना

तवा! आम्ही यालाच बार चेक म्हणायचो, लोखंडी पट्टी वापरायचो. शाब्बास.

यंत्र चुकत नाही. तुझा ट्रान्सड्यूसर पाण्याच्या वीसेक सेंटीमीटर खाली आहे आणि तो स्वतःपासून मोजतो. सेटिंगमध्ये खोलीचा ऑफसेट सापडेल. अधिक ०.२ टाकलास तर पृष्ठभागापासूनची खोली दिसेल. पण आप्पांना ती कशाला हवी? पंख्याचं खालचं टोक पाण्याखाली किती आहे ते मोज. अर्धा मीटर निघालं तर उणे ०.३ टाक. मग आकडा म्हणजे पंख्याखाली उरलेलं पाणी. शून्याच्या जवळ आला की इंजिन वर उचलायचं, हिशेब करत बसायला नको. आणि पाण्याची पातळी रोज बदलते, तेव्हा तुझ्या २.३ च्या पुढे तारीख लिहून ठेव, आणि त्या दिवशीची धरणाची पातळीही.

हो, आणि उरलेली केबल लांब वाटते म्हणून कापू नको. गुंडाळून बांधून ठेव.

उजनीकाठ

पंखा मोजला, ४८ सेंटीमीटर. उणे ०.२८ टाकलं. वहीत तारीख आणि पातळी दोन्ही लिहिल्या.

केबल कापली नाही काका. आप्पांनी तिचं वेटोळं सुतळीने फळीच्या आत बांधलंय आणि त्यावर टॉवेल वाळत घातलाय.